लेखणी कोणाच्या हाती?

जुलै महिना जवळ आला की पगारदार, निवृत्तिवेतन घेणारे आणि लहान व्यापारी ह्यांच्या घरोघर एक प्रश्न हटकून निघतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र ह्या वर्षी आपले आपणच संगणकावर भरावे, की नेहमीप्रमाणे कागदांचे पुडके बगलेत मारून एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटाची अथवा करसल्लागाराची पायरी चढावी? घरातील तरुण मंडळी म्हणतात, आता सारे आकडे आयते भरून येतात. दुसऱ्याला पैसे कशाला मोजायचे? वडील मंडळी म्हणतात, कायद्याचे काम हे, जाणत्यानेच करावे. चार पैसे वाचवायला जाऊन नोटीस घरी यायची.

हा वाद संगणकाबरोबर जन्मास आला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः तो फार जुना आहे. राज्य आणि रयत ह्यांच्या मधल्या हिशेबाची लेखणी कोणाच्या हाती असावी, हा तो प्रश्न होय. काळानुसार लेखणी बदलली, कागद बदलला, लिहिणारा बदलला. प्रश्न मात्र तोच राहिला. त्याचा इतिहास थोडा चाळून पाहिला, तर आजच्या निवडीवरही काही प्रकाश पडेल.

मराठी मुलखातील गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी हे दोन प्रमुख वतनदार. पाटलाने वसूल करावा आणि कुलकर्ण्याने तो लिहावा, अशी ही वाटणी. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे ह्यांची. कोणाची जमीन किती, बाकी किती, सूट किती, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी अक्षरांत नोंदलेले असे. मोडी ही भराभर लिहिण्यास मोठी सोयीची लिपी. परंतु लिहिणाऱ्याची जी सोय, तीच न शिकलेल्याची अडचण. ज्याच्या नावावर बाकी लिहिली जाई, त्याला ती वाचता येत नसे. आपण किती भरले हे त्याला ठाऊक असे. आपल्या नावे किती भरल्याचे लिहिले, हे ठाऊक नसे. ह्या दोन आकड्यांमध्ये जे अंतर पडू शकते, त्यातच रयतेचे पुष्कळसे दुःख साठलेले होते. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात कुलकर्ण्यावर जे कोरडे ओढले, त्याचे एक मूळ ह्या अक्षरांच्या मक्तेदारीत आहे.

न्यायाने बोलायचे, तर प्रत्येक कुलकर्णी लबाड होता, असे कोणी म्हणू नये. पिढ्यान् पिढ्या दप्तर सांभाळणारी घराणी नसती, तर पेशवाईनंतर आलेल्या इंग्रज अंमलदारांना गावचा वसूल समजलाही नसता. दोष व्यक्तीत कमी आणि व्यवस्थेत अधिक होता. ज्याला वाचता येत नाही, त्याला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. आणि जो विश्वास तपासून पाहता येत नाही, तो कितीही भल्या माणसावर ठेवला, तरी धोक्याचाच.

इंग्रजी अमलाच्या आरंभीची एक हकीकत ह्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत शेतसारा ठरविण्याचे काम प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे आले. अर्थशास्त्राच्या तत्कालीन सिद्धान्तांवर त्याची भिस्त होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, अशी ही योजना. कागदावर ती निर्दोष दिसे. परंतु तिला इतके आकडे लागत आणि ते इतक्या हातांतून येत, की हाताखालच्या कारकुनांनी त्यांत मनमानी केली. सारा अवाच्या सवा बसला आणि जमिनी ओस पडल्या. शेवटी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नवी पाहणी सुरू केली. त्यांनी तत्त्वाचा काथ्याकूट सोडून दिला. शेताची मोजणी करावी, त्याला क्रमांक द्यावा, प्रत लावावी, आणि झेपेल असा सारा तीस वर्षांसाठी मुक्रर करावा, एवढेच त्यांनी केले. आपल्या शेताचा आकार किती हे शेतकरी आता तोंडी सांगू शकत होता. कराचा हिशेब जितका गुंतागुंतीचा, तितका मधल्या लेखकाचा अधिकार मोठा. आणि तो जितका सोपा, तितकी रयत मोकळी, हा धडा इंदापूरने दिला.

परंतु नुसता सारा सोपा करून भागले नाही. तो रोख भरावा लागे. रोखीसाठी सावकार गाठावा लागे. आणि सावकाराच्या वहीतील अक्षरेही शेतकऱ्याला परकीच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी धनापेक्षा अधिक रोख धरला तो कागदांवर. कर्जरोखे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. वाचता न येणाऱ्यांनी लिहिलेल्यावर घेतलेला हा सूड होता. सरकारने त्यातून घेतलेला बोध १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात दिसतो. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावनिबंधकासमोर लिहिला जावा, त्याला प्रत्येक भरण्याची पावती मिळावी, दरसाल हिशेबाचा उतारा मिळावा आणि हवे असल्यास खातेपुस्तक मिळावे, अशी तरतूद त्यात केली होती. अडाणी पक्षाच्या बाजूने राज्याने स्वतःच एक लेखक उभा करायचा, ही कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे. सव्वाशे वर्षांनी ती पुन्हा एकदा अवतरणार होती.

पुढे १९१८ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले; मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने संपविली. वतनदार लेखक गेला आणि नोकर लेखक आला. हा बदल मोठा खरा. पण लेखणी अजूनही रयतेच्या हाती आली नव्हती.

आता शेतसाऱ्याकडून प्राप्तिकराकडे वळू. १८५७ च्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन हे पहिले अर्थसदस्य म्हणून विलायतेहून आले. 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाचे संस्थापक ते हेच. त्यांच्या सूचनेवरून झालेला १८६० चा कायदा २४ जुलै १८६० पासून अमलात आला. २०० रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्न माफ, ५०० पर्यंत शेकडा दोन आणि त्यावर शेकडा चार, असे त्याचे दर होते. कायद्याचा सांगाडा थेट विलायती: जमीनजुमला, धंदा-व्यापार, सरकारी रोखे आणि पगार-पेन्शन अशी चार परिशिष्टे. करासाठी आपली मिळकत आपणच लिहून द्यायची, ही रीत ह्या देशातील लोकांस सर्वस्वी नवी. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन ह्यांनीच कराविरुद्ध उघड मत मांडले आणि त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आले. विल्सन तर १८६० च्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यास मरण पावले. पाच वर्षांची मुदत संपताच, १८६५ साली, हा कर बंद झाला. कायम स्वरूपाचा प्राप्तिकर आला तो १८८६ साली. त्याने शेतीचे उत्पन्न वगळले आणि माफीची मर्यादा ५०० रुपयांवर नेली.

ह्या करामुळे एका नव्या लेखकवर्गाची गरज उत्पन्न झाली. व्यापाऱ्याचे वहीखाते दिवाळी ते दिवाळी चाले. त्या खात्यातून कायद्याला हवे असलेले 'उत्पन्न' काढून दाखविणे हे मुनिमाचे काम नव्हे. त्याला वकील हवा किंवा हिशेबशास्त्राचा जाणकार हवा. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने करदात्याला आपला अधिकृत प्रतिनिधी उभा करण्याची मुभा दिली. मुंबईत हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू झालीच होती. १९४९ च्या कायद्याने त्या वर्षीच्या जुलैपासून चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था अस्तित्वात आली आणि ह्या व्यवसायाला स्वतःची शिस्त व स्वतःचा दंडक मिळाला. वतनाने मिळणारी लेखणी आता परीक्षेने मिळू लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या भागांतून हा नवा कर निरनिराळ्या वेळी पोचला. बडोदे, कोल्हापूर ही संस्थाने १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाली आणि त्यांच्याबरोबर तेथे हिंदुस्थानचा प्राप्तिकर कायदा गेला. इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथे तो १ एप्रिल १९५० पासून आला. हैदराबादेत तोवर फसली १३५७ चा स्वतंत्र कायदा होता. गोमंतकात मुक्तीनंतर, १ एप्रिल १९६३ पासून, तो लागू झाला. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पतिपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते. म्हणून पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे वाटून दाखवावे लागते. ह्यासाठी १९९४ साली पूर्वलक्षी प्रभावाने कायद्यात कलम घालण्यात आले, आणि विवरणपत्रात त्याचे वेगळे परिशिष्ट आजही आहे. बेळगावच्या आणि मडगावच्या दोन शिक्षकांची मिळकत अगदी सारखी असली, तरी त्यांची विवरणपत्रे सारखी नसतील. सर्वांसाठी एकच साचा चालत नाही, ह्याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

१९६१ च्या कायद्याने प्रतिनिधींची जी यादी दिली, ती वाचण्यासारखी आहे. वकील आणि हिशेबनीस तीत आहेतच. पण करदात्याचा कोणत्याही नात्याचा आप्त, त्याचा कायमचा नोकर आणि त्याचे चालू खाते असलेल्या बँकेचा अधिकारीही आहे. मात्र त्याच कायद्याने विवरणपत्रावर सही कोणी करायची, हेही सांगितले. ती, काही अपवाद सोडता, ज्याची मिळकत त्यानेच करायची. म्हणजे लिहिणारा कोणीही असो, लिहिलेल्याची जबाबदारी मालकाची. ह्या सहीकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

घरच्या घरी संगणकावर कर भरण्याची प्रथा मात्र प्रथम अमेरिकेत रुजली, म्हणून तिकडे क्षणभर पाहणे प्राप्त आहे. तेथे आजचा प्राप्तिकर १९१३ साली आला. पहिले विवरणपत्र सूचनांसकट अवघे चार पानी होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर सामान्य पगारदारापर्यंत पोचला आणि फॉर्म फुगत गेला. करखाते आपल्या कचेऱ्यांतून लोकांना फॉर्म फुकट भरून देई. १९५५ साली कॅन्सस सिटी शहरात ही सोय बंद होऊ लागली आणि नेमक्या त्याच वेळी हेन्री व रिचर्ड ब्लॉक ह्या दोघा भावांनी पाच डॉलरांत विवरणपत्र भरून देण्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. लोकांची रीघ लागली आणि त्यातून 'एच अँड आर ब्लॉक' ही प्रचंड पेढी उभी राहिली. सरकारने ज्या दिवशी लेखणी खाली ठेवली, त्याच दिवशी ती बाजाराने उचलली.

१९८० नंतरच्या दशकात घरगुती संगणक आले आणि 'टर्बोटॅक्स'सारख्या आज्ञावल्या निघाल्या. आता पेढीवर जाण्याचे कारण नाही, असे वाटू लागले. परंतु आज्ञावलीही विकत घ्यावी लागे, आणि ती विकणारेही व्यापारीच. २००२ साली करखात्याने ह्या कंपन्यांशी करार केला: त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट सेवा द्यावी, आणि खात्याने स्वतःची स्पर्धक सेवा काढू नये. ते बंधन २०१९ मध्ये सुटले. २०२४ साली खात्याने स्वतःची मोफत सेवा १२ राज्यांत सुरू केली, २०२५ मध्ये ती २५ राज्यांत गेली. आणि २०२६ च्या हंगामात ती मिळणार नाही, असे त्यापूर्वीच कळविण्यात आले. 'आपले आपण' भरायचे म्हटले, तरी कोणाच्या तरी यंत्रातून भरायचे असते, हे ह्या कथेचे सार.

आपल्याकडे वाट निराळी पडली. विजेच्या मार्गाने विवरणपत्र देण्याची योजना २००४ साली निघाली. २००६ पासून कंपन्यांना ती सक्तीची झाली. त्याच २००६ साली सरकारने 'कर विवरणपत्र तयार करणारे' अशी एक योजना काढली. पदवीधर तरुणांना शिकवून तयार करायचे आणि त्यांनी लहान करदात्यांना माफक मोबदल्यात मदत करायची. १८७९ चा गावनिबंधक नव्या वेषात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. २००९ मध्ये बंगळूरला विवरणपत्रांची छाननी करणारे मध्यवर्ती केंद्र सुरू झाले. २०११ साली 'सहज' नावाचा सुटसुटीत फॉर्म आला. २०२१ च्या अखेरीस प्रत्येक करदात्यासाठी वार्षिक माहितीपत्रक सिद्ध होऊ लागले; बँकेचे व्याज, लाभांश, रोख्यांची खरेदी-विक्री हे सारे त्यात आधीच मांडलेले असते. आणि ही सर्व साधने खात्याकडून विनामूल्य मिळतात. इंदापूरची कल्पनाच येथे दुसऱ्या रूपाने आली: आकार राज्याने आधी सांगायचा, रयतेने तो तपासायचा.

तपासायचा, हा शब्द मात्र येथे सर्वांत महत्त्वाचा. आयता भरून आलेला आकडा हा देखील कोणीतरी लिहिलेला आकडा असतो. बँकेच्या कारकुनाने चुकीच्या क्रमांकावर व्याज टाकले, तर यंत्र ते निष्ठेने पुढे नेते. माहितीपत्रकातील नोंद मान्य नसेल, तर तसे कळविण्याची सोय आहे. पण ती वापरण्यासाठी आधी नोंद वाचली पाहिजे. मोडीचे दप्तर वाचता येत नाही म्हणून हळहळणारा शेतकरी आणि पडद्यावरची पाने न वाचता शेवटचे बटण दाबणारा सुशिक्षित, ह्या दोघांत पहिला अधिक क्षम्य आहे.

न वाचता सही करण्याची किंमत किती, हे नुकतेच दिसून आले आहे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. काही विवरणपत्र-लेखक आणि मध्यस्थ खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देत आणि त्यातून आपली दलाली घेत, असे खात्याने प्रसिद्ध केले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे दावे आपण होऊन मागे घेतले होते. घरभाडे, देणगी, कर्जावरचे व्याज अशा खोट्या दाव्यांचा सर्वांत मोठा भार पडतो तो सही करणाऱ्यावर. उत्पन्न चुकीचे दाखविल्यास बुडविलेल्या कराच्या दुपटीइतका दंड होऊ शकतो, आणि तो मुख्यतः मालकाच्या माथी बसतो. परतावा जास्त मिळवून देणारा तो हुशार सल्लागार, ही समजूत ज्यांनी बाळगली, त्यांना ती महागात पडली.

मग निवड कशी करावी? पगार किंवा पेन्शन, एखादे घर आणि बँकेचे व्याज एवढीच ज्याची मिळकत, त्याने आपले विवरणपत्र आपणच भरावे. एक संध्याकाळ पुरते, आणि आपल्या वर्षाच्या मिळकतीचा ताळेबंद आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो, हा लाभ करापेक्षा मोठा. ज्याचा व्यापार आहे, ज्याने जमीन विकली, ज्याची मिळकत परदेशातही आहे, ज्याच्या घरात वाटणी किंवा वारसा झाला आहे, किंवा ज्याच्या हाती नोटीस आली आहे, त्याने जाणत्याकडे जावे आणि त्याचा मेहनताना आनंदाने द्यावा. यंत्र विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मांडते. कोणता प्रश्न विचारायला हवा होता, हे अनुभवी माणूस सांगतो. व्यापाऱ्याची दिवाळीची वही आणि सरकारचे मार्चअखेरचे वर्ष ह्यांचा मेळ घालण्यात ज्यांनी हयात घालविली, त्यांचे शहाणपण कोणत्याही आज्ञावलीत सबंध उतरलेले नाही. ते कर-निर्धारण वर्ष १९८९-९० पासून सर्वांनाच मार्चअखेर पाळावी लागली, तेव्हा वहीची ती जुनी घडी मोडताना लहान व्यापाऱ्यांच्या पाठीशी हेच लोक उभे राहिले.

परंतु दोन्ही वाटांवर एक अट सारखीच आहे. स्वतः भरा किंवा दुसऱ्याकडून भरून घ्या. सही करण्यापूर्वी एकूण उत्पन्न, मागितलेल्या वजावटी, कापला गेलेला कर आणि परताव्याचे खाते ह्या चार गोष्टी आपल्या डोळ्यांनी वाचा. भरलेल्या विवरणपत्राची प्रत घरी ठेवा. संगणकाचा संकेतशब्द दुसऱ्याच्या हाती कायमचा देऊ नका. पूर्वीच्या काळी कोऱ्या कागदावर अंगठा उठवून देण्यासारखेच ते आहे.

१९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा संमत झाला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अमलाची तारीख. 'मागील वर्ष' आणि 'कर-निर्धारण वर्ष' ह्या जोडीऐवजी 'करवर्ष' हा एकच शब्द त्यात आला आणि कलमांची संख्या ५३६ वर आणली गेली. भाषा सोपी करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. कारण इंदापूरपासूनचा अनुभव असा, की हिशेब सोपा झाला म्हणजे रयत निर्धास्त होते. तथापि कायदा कितीही सोपा झाला, तरी तो वाचण्याची तसदी कोणी दुसरा आपल्याकरिता घेणार नाही. कुलकर्ण्याचे दप्तर गेले, मोडी गेली, वतन गेले. आज अक्षर आपल्या ओळखीचे आहे आणि कागद आपल्यासमोर उघडा आहे. लेखणी कोणाच्याही हाती असो, नजर आपली असली म्हणजे पुरे.